रेडिएशन चालू असताना मास्क सैल झाला? गप्प बसू नका

तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर निघाला की नेवाशातल्या घरांची धावपळ सुरू होते ती अहिल्यानगर नाहीतर छत्रपती संभाजीनगरकडे. फाट्यावरून एसटी, हातात फाईल, सोबत मुलगा किंवा भाऊ. ऑपरेशननंतर किंवा ऑपरेशनऐवजी रेडिएशन लागतं. जुनी माणसं त्याला 'शेक' म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा ते सात आठवडे.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डॉक्टर सांगतात, "पुन्हा सीटी स्कॅन करावा लागेल, कदाचित नवा मास्कही." घरात लगेच तीन शंका उठतात. आजार वाढला का? आधी काही चूक झाली होती का? की नुसतं बिल वाढवायचं चाललंय? बहुतेक वेळा कारण यातलं एकही नसतं. कारण साधं असतं : पेशंटचं शरीर बदललेलं असतं.

नकाशा पहिल्या दिवसाचा

रेडिएशन सुरू होण्याआधी जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. काही मिनिटांत तो घट्ट होतो. हाच मास्क. तो टेबलाला अडकवला की डोकं आणि मान रोज त्याच जागी राहतात. मग मास्क घालूनच सीटी स्कॅन होतो. त्या स्कॅनवर डॉक्टर गाठ आखतात. मज्जारज्जू, लाळेच्या ग्रंथी, जबडा असे वाचवायचे भागही आखतात. किरण कुठून आणि किती द्यायचे याचा हिशेब त्यावरून बसतो. पूर्ण कोर्स अनेकदा 35 बैठकांत 70 ग्रेचा असतो आणि हिशेब मिलिमीटरचा असतो.

पण हा नकाशा पहिल्या दिवसाच्या शरीराचा. पुढे गाठ लहान होते. तोंड सोलवटतं, गिळता येत नाही, वजन उतरतं. गाल बसतात, मान बारीक होते, मास्क सैल पडतो.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या डॉक्टरांनी 14 पेशंटचे इलाज चालू असतानाच वारंवार स्कॅन काढून हा बदल मोजला. 2004 साली त्यांनी निष्कर्ष मांडले. गाठ इलाजाच्या दर दिवशी मूळ आकाराच्या साधारण 1.8 टक्के कमी होत होती. कानाखालच्या लाळग्रंथी आक्रसून सुमारे 3 मिलिमीटर आत सरकल्या होत्या. जितकं वजन घटलं, तितक्या त्या जास्त सरकल्या.

गालगुंड झाल्यावर सूज येते तीच ही ग्रंथी. ती आत सरकली की जास्त किरणांच्या पट्ट्यात येऊ शकते. मग तोंड कायमचं कोरडं पडण्याची भीती वाढते, घास पाण्याशिवाय उतरत नाही. ही ग्रंथी वाचवण्याचं मोल मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही दिसलं आहे. तिथे 60 पेशंटवर झालेल्या अभ्यासात जुन्या पद्धतीने लाळेचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास 89 टक्के लोकांना झाला, तर आयएमआरटी या नेमक्या पद्धतीने 59 टक्क्यांना. पण नेमकी पद्धत नेमक्या नकाशावरच चालते.

मग प्रत्येकालाच दुसरा स्कॅन हवा का?

नाही. फ्रान्समध्ये 132 पेशंटवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. सरसकट सगळ्यांचा प्लॅन दर आठवड्याला नवा केला, तरी लाळेच्या बाबतीत जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणून डॉक्टर गरज पाहून ठरवतात : वजन बरंच उतरलं, गाठ झपाट्याने लहान झाली, मास्क बसेना किंवा टेबलावरच्या चित्रात फरक दिसला, तर. नवा प्लॅन तयार व्हायला काही दिवस लागतात. तोवर शेक चालू ठेवायचा की थांबवायचा हे डॉक्टरच सांगतील. आपल्या मनाने खाडा करू नका, मध्ये पडलेले दिवस आजाराच्या फायद्याचे असतात.

घरच्यांनी काय करायचं

आपल्याकडची मोठी माणसं सांगत नाहीत. "मुलाची मजुरी बुडते, पुन्हा खर्च नको" म्हणून सैल मास्कमध्येच पडून राहतात. म्हणून विचारायचं काम घरच्यांचं.

- दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. 60 किलोचा माणूस 54 वर आला, तर ती मोठी घट आहे.
- मास्कमध्ये मान हलते का, हे रोज विचारा. हलत असेल तर टेबलावरच टेक्निशियनला सांगायला लावा.
- दाढी ठेवायची की उतरवायची, हे मास्क बनवण्याआधी ठरवा. मधेच काढली तर मास्क सैल होतो. बायकांनी केसांचा अंबाडा मास्कच्या वेळी नसेल तर नंतरही बांधू नये. डोक्यावरचा कपडा काढावा लागतो, महिला कर्मचारी हवी असेल तर आधी विनंती करा.
- पातळ खिचडी, दलिया, खीर, अंडं, दूध थोडं थोडं, पण वारंवार द्या. नाकातून नळी घालायला सांगितली तर घाबरू नका. ती शेवटची निशाणी नाही, वजन टिकवायचा उपाय आहे.
- रमजान आला तर रोज्याचं डॉक्टरांशी आणि आलिमांशी बोला. बीमाराला सवलत आहे, कजा नंतर करता येते.
- महात्मा फुले योजनेत इलाज चालू असेल तर दुसऱ्या स्कॅनचं आणि प्लॅनचं काय, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायला लाजू नका. शरीरात काय बदललं? प्लॅन बदलला नाही तर काय होईल? शेक किती दिवस थांबेल? उत्तर समजलं की घरातली शंका मिटते आणि पेशंट निर्धास्तपणे टेबलावर झोपतो.

आपल्या घरात, मोहल्ल्यात कुणाचा शेक चालू असेल, तर आज एवढंच विचारा : मास्क घट्ट बसतो ना?