रात्री भिजवा, दुपारी प्या!

मैत्रिणींनो, जळगाव-धुळ्याचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला मी काय सांगायचं! मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी दोनला नळातून कढत पाणी येतं, कूलरसुद्धा गरम वारा फेकू लागतो. आणि नेमकी त्याच वेळी बैठकीतून हाक येते, "अगं, पाहुणे आलेत, चहा टाक!" मग पंखा बंद करून (गॅस विझतो ना!) आपण ओट्याशी उभ्या. एकदा नव्हे, दुपारभरात तीनदा.

या हाकेवर एक चांगला तोडगा आहे. हल्ली मोठ्या शहरांत 'कोल्ड ब्रू' नावाची कॉफी बाटलीत भरून भारी किमतीला विकतात. नाव ऐकून बिचकू नका. विरजण लावण्याइतकंच ते सोपं आहे. कॉफी उकळायची नाही, गार पाण्यात भिजत घालायची आणि लोणच्यासारखी मुरू द्यायची. गरम पाणी कॉफीतलं सगळंच भराभर ओढून घेतं, त्यात आंबटपणा आणि कडवटपणाही आला. गार पाणी सावकाश काम करतं आणि त्यातलं बरंचसं मागेच सोडतं. म्हणून ही कॉफी चवीला सौम्य लागते आणि साखरही कमी लागते. जपानात अशी कॉफी फार पूर्वीपासून करतात. अमेरिकेत टॉड सिम्प्सन नावाच्या रसायन अभियंत्याने १९६४ मध्ये त्यासाठी खास भांडं काढलं. आपल्याला ते भांडं नको. काचेची बरणी किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा पुरे.

आता कॉफी कुठली घ्यायची? झटपट विरघळणारी पूड इथे उपयोगाची नाही. ती आधीच एकदा काढून वाळवलेली असते, मुरवण्यासारखं तिच्यात काही उरलेलं नसतं. फिल्टर कॉफीची पूड घ्या, पण पाकीट उलटून नीट वाचा. पुष्कळ पाकिटांत चिकोरी असते, आणि तिचं प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, म्हणजे उरलेली ४९ टक्के चिकोरीसुद्धा असू शकते! उकळत्या दुधाच्या कॉफीला चिकोरी शोभते, मुरवलेल्या कॉफीत मात्र ती चिकट, काढ्यासारखी लागते. म्हणून चिकोरी नसलेली घ्या. कॉफीच्या भाजलेल्या बिया मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून जाड रव्याइतकी भरड काढा. बारीक दळली तर अर्क गढूळ होतो आणि गाळताना जीव मेटाकुटीला येतो. आपल्या देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातली, पण आपल्या महाराष्ट्रातही, विदर्भात चिखलदऱ्याला, कॉफीची झाडं आहेत. जळगावच्या उत्तरेला दिसतो त्याच सातपुड्याची ती रांग!

प्रमाण असं. १०० ग्रॅम भरड कॉफीला पाऊण लिटर पाणी. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. एरवी चहा-कॉफीचं पाणी उकळतंच, त्यामुळे आपण निर्धास्त असतो. इथे कॉफीला उकळी नाहीच, तेव्हा ती काळजी आधीच घ्यायची. नळाला दिवसाआड पाणी येतं आणि ते पिंपात साठवलेलं असतं, अशा घरांत तर हे मुळीच टाळू नका. रात्री नऊला कॉफी भिजवा, लाकडी चमच्याने ढवळा, झाकण लावा आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे १६ तासांनी, काढा. जेवणं आटोपता आटोपता दोन तास उशीर झाला तरी बिघडत नाही.

इथे एक गोष्ट कान देऊन ऐका. या कॉफीच्या परदेशी कृतींत 'बरणी ओट्यावर बारा तास राहू द्या' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. लिहिणारणीच्या स्वयंपाकघरात २० अंश असतात हो! आपल्या ओट्यावर मेमध्ये रात्रीसुद्धा तिशीच्या वर पारा असतो, आणि ओलसर, कोमट कॉफी म्हणजे जंतूंना पंगतीचं आमंत्रणच. दूध रात्रभर बाहेर राहिलं तर वास तरी सांगतो. काळी कॉफी पटकन सांगत नाही. म्हणून खानदेशात ही कॉफी फ्रीजमध्येच मुरवायची. वीज गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण ४ तास गारवा धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली आणि बरणी कोमट झाली, तर जीव चुटपुटला तरी ओतून द्या. घरी फ्रीज नसेल तर या भानगडीत पडूच नका. फिल्टरमध्ये गरम पाण्याचं डिकॉक्शन काढा, भांडं माठातून काढलेल्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून गार करा आणि लगेच संपवा. चव वेगळी, पण पोटाला धोका नाही.

गाळायला जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं मऊ कापड दुहेरी घ्या. साबणाचा वास असलेलं नको, तो वास सरळ कॉफीत उतरतो. पुरचुंडी टांगून ठेवा आणि चक्का बांधल्यासारखं आपोआप गळू द्या. पिळायचा मोह आवरा, पिळलं की गाळ उतरतो. चोथा आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून पाऊण लिटरातून हाती अर्ध्या लिटरच्या थोडा वरच अर्क येतो. हिरमुसू नका. अर्क दाट असतो, पेल्याला चार मोठे चमचे पुरतात. नऊ पेले सहज निघतात. स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस टिकतो. दूध घातलेली कॉफी मात्र त्याच दिवशी संपवायची.

आता पाहुणे आले की गॅसकडे वळायचंसुद्धा नाही. पेल्यात चार चमचे अर्क, वर तापवून गार केलेलं दूध, दोन चमचे साखरेचा पाक. साखर गार दुधात तळाशी बसते, म्हणून सम प्रमाणात पाणी-साखर उकळून पाकाची बाटली भरून ठेवा. बर्फाने कॉफी पांचट होते असं वाटत असेल तर अर्काचेच खडे करा आणि तेच दुधात सोडा. दूध नको असणाऱ्यांना अर्कात दुप्पट गार पाणी, गुळाचा पाक आणि चार थेंब लिंबू. घरातल्या म्हाताऱ्या पहिल्यांदा "हे काय व माय, गार काढा?" म्हणतील. पेला रिकामा होईतो थांबा!

गोड पदार्थांत माझी पहिली पसंती केळ्याला. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण रावेर-यावलकडच्या घरांत प्रश्न मानाचा नसतो, एकदम पिकलेल्या फणीचं करायचं काय हा असतो. सालीवर काळे ठिपके आलेली चार केळी सोलून चकत्या करा आणि डब्यात पसरून रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी मिक्सरमध्ये तीन मोठे चमचे अर्क आणि दोन चमचे दुधाची भुकटी घालून फिरवा. आधी भुगा होईल, घाबरू नका, फिरवत राहिलात की लोण्यासारखं मऊ आइसक्रीम होतं. साखर लागत नाही, साय लागत नाही. लगेच वाढायचं, कारण आपल्या हवेत ते पाच मिनिटं धीर धरतं.

धीर धरणारा पदार्थ हवा असेल तर चायना ग्रासची जेली करा. ५ ग्रॅम चायना ग्रास कात्रीने कापून दीड कप पाण्यात अर्धा तास भिजवा, मंद आचेवर पूर्ण विरघळू द्या, चार चमचे साखर घाला. फ्रीजबाहेर काढून ठेवलेला एक कप अर्क हळूहळू ओता. एकदम गार अर्क ओतलात तर गाठी होतील. ताटात ओतून थिजल्यावर वड्या पाडा. जिलेटिनची जेली पस्तिशीच्या आसपास वितळते, म्हणजे आपल्याकडे ताटातच पाणी. चायना ग्रास मात्र एकदा थिजलं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. भुसावळच्या भर दुपारीही वडी वडीच राहते! वरून गार आटीव दूध घालून वाढा. श्रीखंडातही अर्क चांगला लागतो, पण अर्धा किलो घट्ट चक्क्याला दोन चमच्यांवर जाऊ नका, सैल होतं.

एवढं सांगितलं तरी ही कॉफी म्हणजे पन्हं नव्हे, बरं का. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी, ताक, चिमूटभर मिठाचं सरबत द्या. कॉफी मागाहून. गार आणि सौम्य लागते म्हणून दोन-तीन पेले सहज जातात, पण कॅफिन त्यात भरपूर असतं. रोबस्टा बियांत तर ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट. गरोदर बाईने दिवसात २०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे असा एकच पेला, तोही त्या दिवसाचा चहा कमी करून. लहान मुलांना केळ्याचं आइसक्रीम अर्काशिवाय वेगळं काढा. जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर कॉफी घेतली की अंगी लोह कमी लागतं, मध्ये तासाभराचं अंतर असू द्या. आणि चारनंतर घेतलीत तर रात्री गच्चीवर चांदण्या मोजत बसाल.

चोथा फेकू नका. उन्हात खडखडीत वाळवून कंपोस्टच्या बादलीत मूठमूठ घाला. कुंडीत मात्र जाड थर देऊ नका, त्याची पापडी धरते आणि खाली पाणी मुरत नाही.