गाड्यांनी टाकलेलं फुकटचं खत

आपल्याकडे युरियाच्या पोत्यासाठी रांगा लागतात. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या टेकड्यांवर मात्र खत आकाशातून पडतं, आणि तेही कुणी न मागता! लॉस एंजेलिसच्या गाड्यांचा धूर समुद्रवाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकतो आणि त्यातलं नत्र इथल्या कोरड्या झुडपी रानात उतरतं. सर्वात प्रदूषित पट्ट्यात वर्षाला हेक्टरी 30 किलोच्या आसपास. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात नत्र असतं साधारण 21 किलो. म्हणजे हेक्टरी जवळपास दीड पोतं!

तसं पाहिलं तर हवेत 78 टक्के नत्रच आहे, पण ते झाडांच्या कामाचं नाही. इंजिनाच्या उष्णतेत त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला, की पुढे त्याचं खत होतं. धूर स्वच्छ करायला गाडीत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही थोडा अमोनिया सोडतो. तोही नत्राचाच!

उन्हाळाभर इथे पाऊस नाही. नत्र पानांवर, मातीवर कोरडंच साचत राहतं आणि हिवाळ्याच्या पहिल्या सरीबरोबर सगळं एकदम मुळांशी जातं.

मुळांशी बसलेली असते मायकोरायझा बुरशी. तिचा झाडाशी जुना व्यवहार: झाडाने साखर द्यायची, बुरशीने दूरवरून स्फुरद, पाणी, नत्र आणून द्यायचं. नत्र फुकट मिळायला लागलं, की झाड साखरेला हात आखडतं. रिव्हरसाइडच्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 साली दाखवलं, की नत्र वाढतं तशी या बुरशीची विविधता घटते. आधी हटतात मोठ्या बीजाणूंच्या स्कुटेलोस्पोरा आणि गिगास्पोरा. त्यांच्या जागी छोट्या बीजाणूंच्या ग्लोमस फोफावतात. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

दिसतं ते गवत. भूमध्य समुद्राकडून आलेलं लाल ब्रोम आणि जंगली ओट नत्रावर तुटून पडतात, झपाट्याने वाढतात, उन्हाळ्याआधीच वाळतात आणि पेटतात. वारंवार वणवे लागले, की इथली सुगंधी सेज झुडपं परत उभी राहत नाहीत. हेक्टरी 10 किलोच्या आसपासच हे रान डगमगू लागतं. दीड पोत्याची गोष्टच सोडा.

आणि मातीही सगळं पोटात ठेवत नाही. वाळवंटातल्या कोरड्या मातीवर पाणी पडलं, की थोड्याच वेळात तिच्यातून नत्राचे वायू उसळतात. त्यातला नायट्रिक ऑक्साइड पुन्हा ओझोन तयार व्हायला हातभार लावतो. धुरातून आलेलं परत धुरात!

आता एक किस्सा कुरणाचा. झुडपी रानाचा नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सॅन होजेजवळच्या टेकड्यांवर बे चेकरस्पॉट फुलपाखराच्या अळ्या इसबगोलाच्या जातकुळीतल्या एका बुटक्या झाडावर जगतात. नत्रावर माजलेलं परकं गवत त्या झाडाला गिळून टाकतं. चराई बंद केली तिथे फुलपाखरं गेली. गुरं चरत राहिली तिथे टिकली. हे 1999 साली स्टुअर्ट वाइस यांनी मांडलं. आता तिथे फुलपाखरांसाठी मुद्दाम गुरं चारतात.

अर्थात गुरं गवत खातील, गेलेली बुरशी परत आणणार नाहीत. त्यासाठी मुळात धूरच कमी व्हायला हवा.