जन्मपूर्व मूल्यांकन (इंग्लंड)

होणाऱ्या बाळाच्या सुरक्षिततेविषयी शंका असल्यास इंग्लंडमधील स्थानिक प्रशासनाचे समाजकार्यकर्ते गर्भवतीच्या परिस्थितीची जी पाहणी करतात, तिला जन्मपूर्व मूल्यांकन म्हणतात. गर्भाला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व नसल्याने बालक अधिनियम, १९८९ नुसार बाळाला प्रशासनाच्या देखभालीखाली देणारा न्यायालयीन आदेश जन्मानंतरच निघू शकतो. बालसंरक्षण योजना मात्र आधीच आखता येते.

जोडीदार कोण, तो घरी राहतो का, पूर्वी हिंसा घडली होती का, हे यातील कळीचे प्रश्न होत. मूल काढून घेतले जाईल या भयाने काही स्त्रिया नाते लपवतात. हे भय अगदीच निराधार नव्हे. सांगितलेली माहिती न्यायालयापुढेही मांडली जाऊ शकते. परंतु लपवलेले नाते पुढे उघड झाल्यास आईच्या संरक्षणक्षमतेवरच संशय येतो. जोडीदाराच्या हिंसक पूर्वेतिहासाविषयी पोलिसांकडे विचारणा करण्याची सोय २०१४ पासून देशभर उपलब्ध आहे.