जुन्या गाडीची वायरिंग : भाग ५ – एलईडी बसवले आणि इंडिकेटर बिघडला

वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आता जिल्ह्यातल्या गाड्यांवर एमएच ३७ असतं. पण कारंजा, रिसोड किंवा मंगरुळपीरच्या एखाद्या वाड्याच्या अंगणात एमएच ३० ची पाटी लावलेली पद्मिनी किंवा अँबॅसेडर उभी दिसली, तर ती बहुधा जिल्ह्याहून वयाने मोठी असते. अशी गाडी मालक जिवापाड जपतात. रंग नवा होतो, सीटचं रेक्झिन बदललं जातं आणि मग कुणीतरी सुचवतं, की इंडिकेटर फार मिणमिणते वाटतात, एलईडी टाकून घ्या. बल्ब बदलायला पाच मिनिटं पुरतात. त्यानंतर इंडिकेटर लागतो तो लागूनच राहतो, किंवा दुप्पट वेगाने फडफडतो, नाहीतर दांडा डावीकडे ढकलला की चारही दिवे एकदम लुकलुकू लागतात. बल्ब परत करून दुसऱ्या कंपनीचा आणला तरी लक्षण तेच राहतं.

दोष बहुतेक वेळा बल्बात नसतो, फ्लॅशरमध्ये असतो.

जुन्या इंडिकेटरचा तारेचा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. एका बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन बल्ब धरले की ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर. हा सगळा करंट डॅशबोर्डखालच्या एका छोट्या पत्र्याच्या डबीतून जातो. तीच फ्लॅशर. तिच्यात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी किंवा तापणारी बारीक तार असते. करंटने ती तापते आणि जोड सुटतो, निवते आणि जोड पुन्हा लागतो. ठरावीक तापल्यावर इस्त्री आपोआप बंद होते, तीही अशाच पट्टीमुळे. या टिकटिकीचा वेग बल्ब किती करंट ओढतो, यावर ठरतो.

एलईडी तेवढाच उजेड दोन ते चार वॅटमध्ये देतो. दोन्ही बल्ब मिळून करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास भरतो. एवढ्याने पट्टी पुरेशी तापतच नाही, जोड सुटत नाही आणि दिवा स्थिर जळत राहतो. नंतरच्या काळातल्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले. त्यांना मुद्दामच एक सवय लावलेली असते : करंट कमी झाला, की एक बल्ब उडाला असं समजायचं आणि वेग दुप्पट करून चालकाला सावध करायचं. एलईडीचा कमी करंट या फ्लॅशरला उडालेल्या बल्बासारखाच दिसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०२ प्रमाणे इंडिकेटर पिवळसर नारिंगी रंगाचा हवा आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हायला हवी. स्थिर जळणारा इंडिकेटर किंवा दीडशेच्या वर फडफडणारा, दोन्ही या नियमात बसत नाहीत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करायला गाडी आरटीओत नेली, की हे दिवे तपासले जातात.

यावर बाजारात सर्वात आधी हातात पडतो तो रेझिस्टर. सोनेरी ॲल्युमिनियमच्या आवरणातला, ६ ओहम, ५० वॅटचा. बल्बाला समांतर जोडला की तो दोन अँपिअर करंट स्वतः ओढतो, फ्लॅशर फसतो आणि टिकटिक सुरू होते. पण तो करंट जातो कुठे? सगळा उष्णतेत. इंजिन चालू असताना, १३.८ व्होल्टवर, दिवा पेटलेला असेपर्यंत हा तुकडा तीस वॅटच्या वर उष्णता बाहेर टाकतो आणि काही मिनिटांत हात लावणं अशक्य होतं. वाशिमच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा आधीच पोळत असतो. तिथे चाळीस-पन्नास वर्षांच्या, आवरण कडक होऊन तडकलेल्या वायरींना टेकून असा रेझिस्टर बांधणं म्हणजे आगीला जागा करून देणं. लावायचाच झाला तर तो उघड्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवावा. प्लॅस्टिक, कापड आणि वायरींपासून दूर. तरीही जुन्या गाडीसाठी हा उपाय चुकीचाच आहे. वीज वाचवायला बल्ब बदलायचा आणि वाचलेली वीज पत्रा तापवायला खर्च करायची, यात काही अर्थ नाही.

योग्य उपाय आहे फ्लॅशर बदलण्याचा. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बल्ब किती करंट ओढतो हे पाहत नाही. त्याची वेळ आतलं सर्किट ठरवतं. मात्र त्याला स्वतःला चालायला अर्थ लागतो आणि घोटाळा इथेच होतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या तीन पिनांच्या फ्लॅशरवर बी, एल आणि पी अशी अक्षरं असतात : बी म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, एल इंडिकेटरच्या स्विचकडे जाणारी आणि पी डॅशबोर्डवरच्या दिव्याची. नव्या फ्लॅशरवर तिसरी पिन बऱ्याचदा ई, म्हणजे अर्थची असते. तिन्ही पिना जुन्या सॉकेटमध्ये बसतात म्हणून सरळ दाबून बसवलं, तर पीच्या जागी ई जाते आणि फ्लॅशर नीट चालत नाही. आधी टेस्ट लॅम्प लावून कोणती वायर कसली ते ओळखावं, ई पिनेची वायर बॉडीवर स्वच्छ घासलेल्या जागी आवळावी आणि पीच्या वायरीची वेगळी सोय करावी. फ्लॅशर घेताना तो वाजतो का, तेही बघावं. काही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर अगदी मुके असतात. वळण संपल्यावर दांडा आपोआप मागे आला नाही, तर इंडिकेटर चालू असल्याचं चालकाला कळत नाही आणि मागचा ट्रक उगाच वाट पाहत राहतो.

या फ्लॅशरची एक उणीव मान्य करावी लागते : एखादा बल्ब गेला, तरी तो सावध करत नाही. आठवड्यातून एकदा गाडीभोवती फेरी मारून चारही दिवे डोळ्यांनी पाहणं, हाच त्यावरचा इलाज.

चारही दिवे लुकलुकण्याचं कोडं वेगळं आहे. काही जुन्या मोटारींच्या, आणि कितीतरी मोटरसायकलींच्याही, डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी एकच सूचक दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या. डावा इंडिकेटर चालू असताना या दिव्यातला करंट उजवीकडच्या बल्बांतून अर्थला जातो. २१ वॅटचा बल्ब एवढ्याशा करंटने पेटत नसे, म्हणून युक्ती वर्षानुवर्षं चालली. एलईडीला मात्र तेवढा करंट पुरतो. उपाय स्वस्त आहे : १एन४००७ जातीचे दोन डायोड. डाव्या आणि उजव्या वायरीवरून एकेक डायोड सूचक दिव्याच्या एका टोकाला आणायचा, रेघेची बाजू दिव्याकडे ठेवायची आणि दिव्याचं दुसरं टोक अर्थला जोडायचं. हे झालं बॉडीला ऋण टोक जोडलेल्या गाड्यांचं. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेलं असतं, तर जुन्या विलीज जीपला बॅटरीच ६ व्होल्टची असते. अशा गाड्यांत साधा १२ व्होल्टचा एलईडी घालूच नये.

मुळात बल्ब मिणमिणता का होता, हे किती जण तपासतात? होल्डरला गंज चढला की वाटेतच व्होल्टेज गळतं. व्होल्टेज दहा टक्के घटलं, तर तारेच्या बल्बाचा उजेड जवळपास तीस टक्के घटतो. पॉलिश पेपरने होल्डर घासून बॉडीला नवी अर्थ वायर दिली, तर कित्येक गाड्यांना एलईडीची गरजच उरत नाही. ज्यांना तरीही हवा, त्यांनी पिवळ्या काचेमागे पिवळाच एलईडी घ्यावा. पांढरा एलईडी मुळात निळा प्रकाश देतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. त्यात लाल अंश कमी असतो, म्हणून काचेमागे तो फिका पडतो. चिप फक्त टोकाला असलेल्या बल्बापेक्षा बाजूंनाही असलेला बरा, कारण मागचा आरसा बल्बाचा उजेड चहूकडून येईल असं धरूनच घडवलेला असतो.

वायर कापण्याआधी आणखी एक विचार करावा. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना केंद्र सरकारने ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी देऊ केली आहे. पद्मिनी हे नाव १९७४ चं, त्यामुळे तिच्या पहिल्या गाड्या आत्ता कुठे पन्नाशी ओलांडत आहेत. जुना फ्लॅशर आणि बल्ब डबीत जपून ठेवावेत. नवी जोडणी वेगळ्या वायरीवर आणि सॉकेटमधूनच करावी, म्हणजे पुढे गाडी पुन्हा होती तशी करता येईल.

आणि समृद्धी महामार्गावर जाण्याआधी भर दुपारी एक तपासणी करावी. तिथे गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे मागून येणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर अंतर कापते. इंडिकेटर लावून कुणाला तरी गाडीच्या मागे पन्नास पावलांवर उन्हात उभं करावं. त्याला उघडझाप स्पष्ट दिसली नाही, तर त्या दिवशी जुन्याच रस्त्याने जावं.

पुढच्या भागात : डायनॅमो, कटआउट आणि अल्टरनेटर.