संमोहनोपचार

संमोहनाच्या अवस्थेतील व्यक्तीला योजनापूर्वक सूचना देऊन तिच्या वेदना, भीती व काही विशिष्ट विकारांची लक्षणे सौम्य करण्याची उपचारपद्धती. ही स्वतंत्र वैद्यकपद्धती नव्हे. निदान झाल्यानंतर इतर उपचारांच्या जोडीने वापरावयाचे ते एक साधन आहे. संमोहनासाठी मराठीत ‘मोहिनीविद्या’ हा जुना शब्द रूढ होता. त्या शब्दामुळे, तसेच रंगमंचावरील प्रयोगांमुळे, संमोहक हा दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतो असा समज पसरला. प्रत्यक्षात संमोहित व्यक्ती झोपलेली नसते व बेशुद्धही नसते. तिला संमोहकाचे बोलणे ऐकू येते, नको असलेली सूचना ती नाकारू शकते व बहुधा घडलेले सर्व तिला पुढे आठवतेही. तिचे अवधान मात्र एका विषयावर एकवटलेले असते, आजूबाजूच्या गोष्टींची दखल मंदावलेली असते आणि सुचविलेली कल्पना प्रत्यक्ष अनुभवाप्रमाणे जाणवण्याची तिची क्षमता वाढलेली असते.

उपचाराची रीत साधी असते. रोग्याची माहिती घेऊन व त्याच्या मनातील गैरसमज दूर करून उपचारक त्याला आरामात बसवितो किंवा निजवितो. एखाद्या बिंदूवर दृष्टी स्थिर करावयास किंवा श्वासाकडे लक्ष द्यावयास सांगून, एकेक अवयव सैल पडत असल्याचे तो संथ आवाजात सुचवीत जातो. त्यानंतर एखाद्या सुखद स्थळाचे वर्णन करून अवस्था गाढ केली जाते व मग उपचाराच्या मूळ सूचना दिल्या जातात. हात बर्फात ठेवल्याप्रमाणे बधिर होत आहे, पोटातील पीळ सुटत आहे, अशा त्या सूचना असतात. काही सूचना जागृतीनंतर अंमलात यावयाच्या असतात, त्यांना संमोहनोत्तर सूचना म्हणतात. पुढे रोग्याला हीच क्रिया स्वतःवर करावयास शिकविले जाते. दीर्घकाळच्या दुखण्यात या स्वसंमोहनाचे महत्त्व उपचारकाच्या बैठकीहून अधिक आहे, कारण वेदना रात्री-अपरात्री येते व त्या वेळी उपचारक जवळ नसतो.

या पद्धतीच्या इतिहासात मराठी वाचकाला जवळचे असे एक नाव आहे. फ्रांट्स अँटोन मेस्मर (१७३४–१८१५) याने आपल्या देहातून एक चुंबकीय द्रव रोग्याच्या शरीरात वाहतो असे प्रतिपादिले होते. फ्रान्सच्या राजाने १७८४ मध्ये नेमलेल्या चौकशी मंडळाने, ज्यात बेंजामिन फ्रँक्लिन व लाव्हाझ्ये हे होते, असा द्रव नसल्याचा व परिणाम कल्पनेचा असल्याचा निर्वाळा दिला. मंडळाने कल्पना हा शब्द एक प्रकारे निकालात काढण्यासाठी वापरला होता. ही कल्पनाच अभ्यासाचा खरा विषय आहे, हे ओळखणाऱ्यांत गोव्यातील बार्देशमधील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेला धर्मगुरू जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजेच आबे फारिया, हा अग्रेसर होता. वयाच्या पंधराव्या वर्षी तो पित्याबरोबर लिस्बनला गेला, रोममध्ये शिकला व पुढे पॅरिसला आला. लिस्बन येथे राणीसमोर प्रवचन देताना तो गांगरला असता पित्याने कोकणीत ‘ही सगळी भाजी आहे, काप’ अशा अर्थाचे शब्द हळूच उच्चारले व त्याचे भय तत्काळ नाहीसे झाले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्याच्या पुढील सिद्धांताचे बीज तीत नेमके आले आहे. पॅरिसमध्ये १८१३ पासून त्याने जाहीर प्रयोग केले. हातवारे व चुंबक बाजूला सारून तो केवळ ‘झोपा’ अशी आज्ञा देई. शक्ती संमोहकात नसून संमोहित होणाऱ्या व्यक्तीत असते, हे त्याचे म्हणणे होते. या विषयावरील त्याचा ग्रंथ १८१९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. पणजी येथे जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा १९४५ मध्ये उभारण्यात आला. तो शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला.

जेम्स ब्रेड याने १८४३ च्या ग्रंथातून या विद्येला तिचे आधुनिक नाव रूढ करून दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी, बधिरकांचा शोध लागण्यापूर्वी, जेम्स एस्डेल या शल्यविशारदाने बंगालमधील हुगळी येथे मेस्मरच्या रीतीने रोग्यांना वेदनामुक्त करून शस्त्रक्रिया सुरू केल्या व अशा शेकडो शस्त्रक्रिया केल्या. हत्तीरोगामुळे वाढलेल्या प्रचंड गाठी त्याने कापल्या. त्याचे देशी साहाय्यक रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवीत. स्थानिक मांत्रिक पाण्याचे भांडे व पानांची डहाळी घेऊन रोग्याला डोक्यापासून पायापर्यंत झाडतो व फुंकर घालतो, ती क्रिया आपल्याच क्रियेसारखी आहे, हे एस्डेलने स्वतः नमूद केले आहे. ईथर व क्लोरोफॉर्म आल्यानंतर (१८४६–४७) या पद्धतीची शस्त्रक्रियेतील गरज संपली. पुढे फ्रान्समध्ये शार्को व बेर्नएम यांच्या पंथांत तिच्या स्वरूपाविषयी वाद झाला. संमोहन हे रोगाचे लक्षण नसून सूचनक्षमतेचा सामान्य आविष्कार आहे, हे बेर्नएमचे मत टिकून राहिले. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये व अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ मध्ये प्रशिक्षित व्यक्तींच्या हातून होणाऱ्या संमोहनोपचारास मान्यता दिली.

सूचना वेदनेवर कशी कार्य करते, याचा उलगडा मेंदूच्या प्रतिमांकनामुळे बराचसा झाला. कॅनडातील पिएर रँव्हिल व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संमोहित व्यक्तींचे हात वेदनादायक इतक्या गरम पाण्यात ठेवून, ही संवेदना कमी किंवा जास्त त्रासदायक वाटेल असे सुचविण्यात आले. वेदनेची तीव्रता तीच राहूनही तिचा त्रास बदलला व त्या बदलाबरोबर मेंदूच्या मेखला-बाह्यकाच्या पुढील भागातील क्रियाशीलता कमी-जास्त झाली. वेदनेचा संदेश व वेदनेचे दुःख या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि सूचनेचा हात मुख्यतः दुसरीपर्यंत पोहोचतो, असे यावरून म्हणता येते. ही क्षमता सर्वांत सारखी नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये तयार झालेल्या मापनश्रेणीनुसार थोड्या व्यक्ती सहज व गाढ संमोहित होतात, थोड्यांवर जवळजवळ परिणाम होत नाही व बहुसंख्य मध्ये असतात. प्रौढ वयात हे प्रमाण व्यक्तीगणिक फारसे बदलत नाही. संमोहित होणे हे दुबळ्या मनाचे लक्षण मानणे चुकीचे आहे.

उपयोगाच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा वेदना व उपचारप्रसंगीची भीती यांविषयी आहे. बेल्जियममधील ल्येझ येथे १९९२ पासून स्थानिक बधिरक व अल्प शामक यांच्या जोडीला संमोहन वापरून अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या आहेत. दंतवैद्यक, भाजल्यावरील मलमपट्टी व प्रसूती यांतही त्याचा वापर होतो. शौचाच्या तक्रारी व पोटदुखी वर्षानुवर्षे चालणाऱ्या क्षोभी आंत्र विकारात मँचेस्टर येथील व्हॉरवेल यांच्या १९८४ च्या चाचणीनंतर ही पद्धती स्वीकारली गेली. औषधांनी वर्षभरात गुण न आल्यास तिचा विचार करावा, असे ब्रिटनच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. धूम्रपान सोडविण्याच्या बाबतीत मात्र जाहिरातींतील दाव्यांना पुरेसा आधार मिळालेला नाही. विसरलेल्या आठवणी किंवा पूर्वजन्म संमोहनाने परत आणता येतात, हा दावा तर घातकच होय. या अवस्थेत कल्पित प्रसंग खऱ्या आठवणींइतक्याच ठामपणे सांगितले जातात.

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने दात्र-कोशिका पांडुरोगाचा, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या ‘सिकलसेल’चा, विचार महत्त्वाचा आहे. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद १९५८ मध्ये नागपूरच्या वैद्यकांनी केली. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आदिवासी व इतर समाजांत तो आढळतो. त्यातील हाडे व सांधे पिळवटून काढणाऱ्या वेदनांच्या झटक्यांवर स्वसंमोहनाचा काय उपयोग होतो, हे अमेरिकेतील एका अभ्यासात (१९९७) पाहण्यात आले. वेदनेचे दिवस व वाईट झोपेच्या रात्री कमी झाल्या, वेदनाशामकेही कमी लागली. पण ही घट सौम्य झटके टळल्यामुळे झाली होती. ज्या दिवशी वेदना आली, त्या दिवशी औषध लागलेच. संमोहनोपचाराचे बळ व त्याची मर्यादा या एकाच निष्कर्षात दिसते. रक्तपेशीचा विळ्यासारखा आकार सूचनेने बदलत नाही.

वर्धा व वैनगंगा या नद्यांच्या दुआबातील गोंडपिपरी तालुका व त्याच्या पलीकडील जंगलप्रदेश यांत सूचनेचे सामर्थ्य लोकांना अन्य नावांनी चांगले परिचित आहे. अंगात येणे, पुजाऱ्याने झाडणे, उतारा टाकणे, मंत्रून दिलेले पाणी पिणे या विधींत ढोलाचा ठेका, एकाग्रता, समूहाची श्रद्धा व अधिकारी व्यक्तीचा शब्द यांचा संयोग होतो. संमोहनाचे बहुतेक घटक त्यांत उपस्थित असतात. भय, घरातील ताण किंवा दुःख यांमुळे वाचा बसलेल्या, हातपाय ताठरलेल्या रोग्याला अशा विधींनी खरोखरच आराम पडतो व तो आराम ढोंग नसतो. एस्डेलने हुगळीला जे साम्य पाहिले तेच हे साम्य होय.

धोका याच साम्यातून उद्‌भवतो. एका दुखण्यात आलेला गुण दुसऱ्या, सर्वस्वी वेगळ्या दुखण्यासाठी हमी मानला जातो. सर्पदंशात बहुसंख्य साप बिनविषारी असतात व विषारी सापही दर वेळी पुरेसे विष सोडत नाही, त्यामुळे मांत्रिकाकडे नेलेले अनेक जण जगतात व यश मंत्राला मिळते. मण्यार हा साप रात्री, झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, सूजही क्वचितच येते. मंत्र ऐकून रोगी शांत होतो आणि काही तासांत पापण्या जड होऊन श्वासाचे स्नायू निकामी होऊ लागतात. या अवधीत रुग्णालयातील प्रतिविष व श्वसनास आधार हेच उपाय असतात. हिवतापाचेही असेच आहे. राज्यातील हिवतापाच्या रोग्यांत गडचिरोली जिल्ह्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या हिवतापातील बडबड, झटके व बेशुद्धी ही बाधेची लक्षणे समजली गेल्यास जीव वाचविण्याची वेळ निघून जाते. येथे संमोहनोपचारकाने केलेली चूक ही पुजाऱ्याच्या चुकीहून वेगळी नसते.

सूचनेचे दुसरे भयंकर रूप भानामतीच्या प्रकरणांत दिसते. तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावांत व मराठवाड्यात स्त्रिया एकाएकी कुत्र्या-मांजरांसारखे आवाज काढू लागतात, लक्षणे एकीकडून दुसरीकडे पसरतात व करणी कोणी केली याचा शोध सुरू होतो. मानसोपचारदृष्ट्या हा वियोजनाचा विकार असतो व तो सामूहिक सूचनेने वाढतो. रोग्याला गर्दीपासून दूर नेणे, तिच्या अडचणी ऐकून घेणे व आश्वासक सूचना देणे यांनी तो आटोक्यात येऊ शकतो. गाव मात्र बहुधा गुन्हेगार शोधते. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना चौकात बांधून मारहाण झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये राज्यात झालेल्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये भूत उतरविण्यासाठी मारहाण करणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हे गुन्हे ठरले आहेत.

केंद्र शासनाने २००३ मध्ये संमोहनोपचारास स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून नव्हे, तर नोंदणीकृत वैद्यकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनी वापरावयाची उपचाररीती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे अल्प मुदतीचा वर्ग करून स्वतःस डॉक्टर म्हणवून घेणे गैर ठरते. चित्तभ्रमाच्या गंभीर विकारांत ही पद्धती टाळावी. अपस्मार व वियोजनाचे झटके यांतील भेद आधी तपासून घ्यावा लागतो. वनप्रदेशात एक व्यावहारिक अडचणही असते. सूचना रोग्याच्या बोलीत द्याव्या लागतात व तेथे मराठीबरोबर गोंडी, माडिया व तेलुगू बोलल्या जातात. पुस्तकांतील समुद्रकिनाऱ्याचे वर्णन ज्याने समुद्र पाहिलेला नाही त्याच्यासाठी निरुपयोगी असते. वैनगंगेचे पात्र, मोहाच्या झाडाखालची पहाट किंवा पहिल्या पावसानंतरचे धानाचे बांध यांचे वर्णन त्याचे अवधान लवकर बांधते.