ऑनलाइन विक्री आणि ग्राहकाच्या माहितीची ठेव

जालना जिल्ह्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आणि मोबाइल फोनमुळें परतूर तालुक्यांतील वाटूरसारख्या गांवच्या बागाईतदारासही आपलें फळ शहरांतील ग्राहकाच्या घरीं थेट पाठविणें शक्य झालें आहे. यांत अडत वांचते, हा लाभ उघड आहे. परंतु अशा विक्रींत पैशाबरोबर ग्राहकाचें नांव, पत्ता व फोन क्रमांक हेंही विक्रेत्याच्या हातीं येतें. पतपेढींतील ठेवीप्रमाणें ही माहिती दुसऱ्याच्या मालकीची असते. ती सांभाळण्याचे नियम शेतकरी बंधूंनीं समजून घेणें अवश्य आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढें २०२३ सालीं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. व्यावसायिकांवरील मुख्य बंधनें अमलांत येण्यास त्या वेळीं अठरा महिन्यांची मुदत ठेविली गेली. ती तयारीसाठीं होय.

केवळ कागदी वहींतील नोंदीस हा कायदा लागू नाहीं. तीच नोंद फोनांत किंवा संगणकांत उतरविली कीं तो लागू होतो. ग्राहकानें मागणी नोंदवितांना स्वतः होऊन पत्ता दिला, तर त्या मागणीपुरता तो वापरण्यास हरकत नाहीं. मात्र तोच क्रमांक पुढें जाहिरातीसाठीं वापरावयाचा असेल, तर ग्राहकाची स्पष्ट संमति घ्यावी लागते. कोणती माहिती कशासाठीं हवी, संमति परत कशी घ्यावी व तक्रार कोठें करावी, हें संमति मागतांना सांगितलें पाहिजे. आणि ही सूचना मराठींत वाचण्याची सोय ठेवणेंही बंधनकारक आहे. संमति देणें जितकें सोपें, तितकेंच ती काढून घेणें सोपें असावें. कामापुरतीच माहिती मागावी. मोसंबीची पेटी पोंचविण्यास आधार क्रमांक लागत नाहीं.

पुष्कळ विक्रेते दुसऱ्या कंपनीचें गोपनीयता पत्रक जसेंच्या तसें उतरवून आपल्या संकेतस्थळावर लावितात. हें धोक्याचें आहे. पत्रक म्हणजे ग्राहकास दिलेलें लेखी वचन होय. जें आपण करीत नाहीं तें त्यांत लिहिलें, तर तेंच आपल्याविरुद्ध पुरावा ठरतें. त्यापेक्षां आपल्या कामाचें खरें वर्णन करणाऱ्या दहा ओळी बऱ्या.

याखेरीज ग्राहक संरक्षणाचे २०२० सालचे ई-वाणिज्य नियम आहेत. आपलें संकेतस्थळ चालवून विक्री करणाऱ्या कंपनीनें त्यावर आपलें नांव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचें नांव द्यावें लागतें. तक्रारीची पोंच ४८ तासांत व निकाल एका महिन्यांत दिला पाहिजे. संमतीच्या चौकटींत आधींच खूण करून ठेवण्यास मनाई आहे. फळ नाशवंत असल्यानें वाटेंत तें बिघडल्यास नुकसान कोणी सोसावयाचें, हेंही विक्रीपूर्वींच लिहावें.

आतां दुसरी बाजू. शेतकरी स्वतःही माहिती देणारा असतो. उत्पादक कंपनीचा सभासद होतांना तो सातबारा, आधारची प्रत व बँक खात्याचा क्रमांक देतो. सभासदत्वासाठीं दिलेली ही माहिती संचालकांनीं त्याच्या संमतीवांचून औषधविक्रेत्यास किंवा विमा प्रतिनिधीस देणें योग्य नव्हे. आपली कोणती माहिती तुमच्यापाशीं आहे, असें विचारण्याचा व चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा अधिकार कायद्यानें सभासदास दिला आहे.

माहिती चोरीस गेली किंवा चुकून फुटली, तर संबंधित प्रत्येकास व माहिती संरक्षण मंडळास विलंब न लावितां कळवावें लागतें. मंडळास सविस्तर वृत्तांत ७२ तासांत द्यावयाचा असतो. संरक्षणांत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र प्रत्यक्ष रक्कम दोषाचें गांभीर्य पाहून ठरते.

म्हणून प्रत्येक गटानें ग्राहकांची यादी एकाच जबाबदार माणसाकडे सोंपवावी, त्या फोनास कुलूपशब्द ठेवावा, सभासदांचीं कागदपत्रें व्हॉट्सॲपच्या समूहांत टाकूं नयेत आणि काम संपलेली माहिती पुसून टाकावी. याला खर्च जवळजवळ नाहीं. आणि ज्याच्या हातीं आपला पत्ता सुरक्षित राहतो, त्याच्याकडेच ग्राहक पुढच्या बहाराचें फळ मागतो.