हृदयाची लय – लेखांक 5 : एक्स-रेविना ॲब्लेशन

येरवड्यातल्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींसोबत स्थानबद्ध असताना 15 ऑगस्ट 1942 रोजी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वय अवघे पन्नास. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. आजचा बिघाड वेगळा आहे. यात वाहिन्या मोकळ्या, हृदयाचा स्नायूही बहुधा धडधाकट. बिघडलेली असते ती हृदयातली वीज.

बसल्या जागी छाती धडधडू लागते, नाडी मिनिटाला 180-200 पर्यंत जाते आणि मग एकाएकी थांबते. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ईसीजी बऱ्याचदा नॉर्मल! ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर पेशंटची बोळवण होते. यांतल्या अनेकांच्या हृदयात विजेची एक जादा वाट असते. खाली गेलेला संदेश तिच्यातून परत वर येतो आणि गोल फिरत राहतो. ती वाट निकामी करण्याचा उपचार म्हणजे कॅथेटर ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात आणि रेडिओ लहरींनी काही मिलिमीटरचा भाग तापवतात. तापमान 50 अंशांवर गेले की तिथल्या पेशी कायमच्या थंडावतात.

नळी कुठे पोचली, हे दिसण्यासाठी पूर्वी एक्स-रेशिवाय गत्यंतर नव्हते. पेशंटला ते किरण एखाद्या वेळीच सोसावे लागतात. डॉक्टर, नर्स आणि टेक्निशियन मात्र वर्षानुवर्षे त्यांच्या सान्निध्यात काम करतात. शिशाचा जड एप्रन तासन्‌तास वागवून त्यांची पाठ आणि मान धरते. आणि एवढे करून पडद्यावर दिसते ती हृदयाची सावलीच.

1990 च्या दशकात त्रिमिती नकाशाचे तंत्र आले. टेबलाखाली सौम्य चुंबकीय क्षेत्र असते आणि नळीच्या टोकातला सेन्सर आपली जागा मिलिमीटरच्या हिशेबात कळवतो. टोक आतल्या भिंतीला लागत फिरते, तसतसा पडद्यावर कप्पा आकार घेतो. बऱ्याच नकाशांत वीज जिथे आधी पोचते तो भाग लाल आणि सर्वांत शेवटचा जांभळा दिसतो. विजेच्या मुख्य वाटेवर डॉक्टर ठिपके देऊन ठेवतात : इथे तापवायचे नाही. तिथे इजा झाली तर पेशंटला पेसमेकर लागू शकतो. हृदयाच्या डाव्या बाजूला जाण्यासाठी मधला पडदा सुईने छेदावा लागतो, तेव्हा शिरेतूनच आत नेलेली सोनोग्राफीची नळी वाट दाखवते.

नकाशा आणि सोनोग्राफीच्या जोरावर एक्स-रेविना होणाऱ्या ॲब्लेशनचा सर्वांत मोठा आधार गर्भवतींना आणि लहान मुलांना आहे. मुलांच्या वाढत्या पेशींना किरणांची बाधा अधिक होते आणि पुढे सारे आयुष्य पडलेले असते. पण एक्स-रे टाळला म्हणून ॲब्लेशनचे बाकीचे धोके टळत नाहीत. रक्तस्राव किंवा हृदयाभोवती रक्त साचणे क्वचित तरीही घडू शकते. हृदयात आधीच पेसमेकरच्या तारा असतील किंवा रचनाच वेगळी असेल, तर एक्स-रे घ्यावा लागू शकतो. तो घेणारा डॉक्टर मागासलेला ठरत नाही. यंत्रापेक्षा डॉक्टरांचा अनुभव विचारा.

आणि एक गोष्ट आवर्जून करा. धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या आणि तो कागद जपून ठेवा; निदानाला त्याच्याइतका भक्कम पुरावा नाही. सोबत चक्कर, छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल, तर वाट न पाहता 108 ला फोन करा.